पिंपाभोवती

त्या शाळेत एक नियम होता. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटच्या तासानंतर प्रत्येक मुलाने कुठला तरी छंद धरायचा. गाणं धरा, नाटक धरा, चेंडू धरा, रंग धरा, पण हात हलवत घरी जायचं नाही. नियम चांगला होता. अडचण एवढीच की गाण्याला गळा लागतो, चेंडूला पाय लागतात आणि नाटकाला थोडा निर्लज्जपणा लागतो. यातलं काहीच नसलेली, किंवा असूनही कुणाला न सापडलेली मुलं दरवर्षी मागे उरायची, बाजार उठल्यावर टोपलीत पाला राहतो तशी. त्या वर्षी अशी सात उरली आणि विज्ञानाच्या बाईंनी ती काचवाल्याच्या गळ्यात घातली.

काचवाला म्हणजे शाळेसमोरच्या रस्त्यावरचा चष्मे बनवणारा कारागीर. चाळीस वर्षं त्याने चष्म्याच्या काचा हाताने घासल्या होत्या. आता काचा खोक्यातून तयार येत आणि त्याने त्या फक्त चौकटीत बसवायच्या असत. दुकान चालत होतं, पण हात शिवशिवत. बाई एकदा चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आल्या, तेव्हा त्यांना कपाटाच्या खालच्या फळीवर दोन जाड गोल काचा दिसल्या. वीतभर रुंद, अंगठ्याएवढ्या जाड, अगदी सपाट. याची दुर्बीण होते का, असं त्यांनी विचारलं. काचवाला म्हणाला, न व्हायला काय झालं. उमेदवारीच्या काळात वस्तादाच्या हाताखाली त्याने अशी एक खोलगट काच घासली होती. ती पेटीत बसून कुठे गेली, कुणी तिच्यातून काय पाहिलं, हे मात्र त्याला कधीच कळलं नाही.

"मग शाळेत येऊन मुलांकडून करून घ्या की, काका," बाई म्हणाल्या.

"मुलं काचा फोडतात, बाई. त्यावरच तर माझं घर चाललं," तो म्हणाला. पण काचा त्याने त्याच दिवशी पुसून ठेवल्या.

मोडके बाक ठेवायची खोली मिळाली. पश्चिमेला एक मोठी खिडकी, दाराबाहेर नळ. मधोमध त्याने वाळूने भरलेलं लोखंडी पिंप ठेवलं, त्यावर फळी, फळीवर तीन लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवलेली एक काच. दुसरी तिच्यावर पालथी. मध्ये पाणी आणि कुरुंदाची, म्हणजे काच झिजवणाऱ्या कठीण दगडाची, रवाळ पूड. मुलांना वाटलं होतं यंत्र असेल, बटण असेल. काचवाल्याने सांगितलं, यंत्र म्हणजे तुमचे दोन हात आणि दोन पाय. काच पुढे-मागे सहा वेळा सरकवायची, हातातल्या हातात थोडी फिरवायची आणि पिंपाभोवती एक पाऊल डावीकडे सरकायचं. पुन्हा सहा, पुन्हा पाऊल. आणि एक शिस्त त्याने पहिल्याच दिवशी लावली. जो घासेल त्यानेच शेवटी दोन्ही काचा धुवायच्या, आपल्या बोटांनी, नळाखाली. दुसऱ्याने धुतलेल्या काचेत पुडीचा एखादा कण राहतो, असं वस्ताद म्हणायचा. स्वतःच्या काचेत तो राहत नाही.

"आणि मग काय होतं?" एका गलेलठ्ठ पोराने विचारलं. त्याला सगळे पैलवान म्हणत.

"मग वरची काच हळूहळू आत जाते. मधोमध खळगा पडतो."

"कुणी पाडतो?"

"कुणी नाही. आपोआप पडतो," काचवाला म्हणाला. हे सांगताना चाळीस वर्षांनंतरही त्याच्या अंगावर बारीक काटा आला. कारण ते खरंच तसं होतं. हात कसेही चालोत, पाऊल कमी-जास्त पडो, दोन काचा एकमेकींवर सगळीकडून फिरल्या की सगळीकडे टेकेल असा एकच आकार उरतो, गोलाचा. रेघ मारणारा नाही, मोजणारा नाही, तरी खळगा गोलच.

त्या सातांत बारा वर्षांची एक मुलगी होती. तिला शाळेत पाच मिनिटं म्हणत. कुठल्याही गोष्टीत तेवढाच वेळ टिकायची म्हणून. दोन वर्षांत गाणं सोडलं, रंग सोडले, धावणं सोडलं, बुद्धिबळाच्या पटावरून तर हत्ती खिशात घालून ती निघून गेली होती. बाईंनी काचवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं की तिची आई शिवणकाम करते, बाप दूर कामाला असतो, आणि आईने अन् वर्गशिक्षकांनी मिळून ठरवलंय, हाही छंद सुटला तर शाळा संपेपर्यंत हे दोन्ही दिवस तिने गणिताच्या जादा वर्गात बसायचं.

"गणित वाईट नाही, काका," बाई म्हणाल्या. "पण हिला कशाची गोडी लागणारच नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलंय. तिनेसुद्धा."

पहिले दोन आठवडे पोरीने आपलं नाव राखलं. सहा वेळा सरकव, पाऊल, सहा वेळा, आणि मग खिडकीबाहेर कावळे मोज. पैलवान आणि बाकीचे पुठ्ठ्याची नळी करण्यात रमले होते. वर्तमानपत्रं, खळ आणि भांडणं यांनी खोलीचा एक कोपरा भरून गेला होता. तिसऱ्या आठवड्यात ती घासता घासता थांबली आणि म्हणाली, "आजोबा, आवाज बदलला."

"कसा?"

"आधी खरखर होती. आता नुसतं सूं होतंय. पूड मेली का?"

काचवाल्याने हातातली पकड खाली ठेवली. पुडीचे कण झिजले की आवाज मऊ होतो, तेव्हा नवी पूड घालायची, हे तो मुलांना पुढे कधीतरी सांगणार होता. पोरीने ते कानाने उचललं होतं. त्याने फक्त मान हलवली आणि पुडीचा डबा तिच्यापुढे सरकवला. तेव्हापासून डबा तिच्याकडेच राहिला.

मग तो शुक्रवार आला. पोरीने काच हातात घेतली तेव्हा ऊन खिडकीच्या वरच्या गजात होतं. खरखर, सूं, पाणी, पूड, खरखर. पहिल्या फेरीला तिच्या ओठांवर आकडे होते, सहा, पाऊल, सहा, पाऊल. मग ओठ थांबले. मग खांदे सैल झाले. मग पाय असे पडू लागले की जणू पिंप आपणच फिरतंय आणि ती जागेवर उभी आहे. कोपऱ्यात खळीचं भांडं सांडलं, त्यावरून आरडाओरडा झाला, तिने मान वळवली नाही. शाळेची घंटा झाली. मुलं दप्तरं घेऊन गेली. पैलवानाने जाताना तिच्या कानाशी टाळी वाजवली. पापणीसुद्धा हलली नाही.

काचवाला स्टुलावर बसून बघत होता. त्याने पुष्कळ कारागीर पाहिले होते, चांगले पाहिले होते, पण एका माणसाला कामात असं विरघळताना समोर बसून पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. वस्ताद कधी असा दिसला असेल, तर तेव्हा हा खाली मान घालून आपली काच घासत होता. बारा वर्षांची पोर, गालावर चिखलाचा फराटा, आणि चेहरा असा, की त्यावर कुणाचीच मालकी नाही. हाक मारली तर काहीतरी मोडेल, असं त्याला वाटलं. देवळात लोक का कुजबुजतात ते त्याला त्या मोडक्या बाकांच्या खोलीत कळलं. ऊन खालच्या गजापर्यंत उतरलं. पोर थांबली, हाताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि दचकून विचारलं, "सगळे कुठे गेले?"

त्या दिवशी काचा धुऊन ती पळत घरी गेली. काचवाला मागे राहिला, खोली झाडली, काच उचलली आणि खळग्याचं माप बघायचा पत्र्याचा साचा तिच्यावर धरला.

मग काच खिडकीपाशी नेऊन त्याने साचा पुन्हा धरला.

खळगा हवा होता सव्वा मिलिमीटर. दर अर्ध्या तासाने साचा लावून बघायचं, हे त्यानेच मुलांना सांगितलं होतं. आणि तोच, चाळीस वर्षांत ज्याने एक काच वाया घालवली नव्हती, दोन तास बघत बसला आणि साचा खिशातून काढायला विसरला. साच्याच्या आणि काचेच्या मधून उजेड दिसत होता. काच फार खोल गेली होती. नळी कापून आखूड करता आली असती, पण इतक्या खोल काचेतून शिकाऊ हातांना फरकटलेलंच चित्र मिळालं असतं.

काच टॉवेलात गुंडाळून तो घरी घेऊन आला. उपाय त्याला ठाऊक होता. शनिवार-रविवार बसलं की सोमवारपर्यंत काच पुन्हा मापात. पोरीला कळायचंही नाही. जी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी टिकली, तिला तुझ्या टिकण्यानेच काच बिघडली असं कोणत्या तोंडाने सांगायचं? बायकोने टॉवेल उघडून बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "घासा की. मग दुर्बीण झाली की तिच्या वतीने बघायलाही तुम्हीच जा."

काच टॉवेलातच राहिली.

मंगळवारी ऊन चांगलं होतं. त्याने मुलांना अंगणात नेलं, काच पाण्याने ओली केली आणि सूर्यासमोर धरली. ओली काच आरशासारखी वागते. समोरच्या भिंतीच्या सावलीत एक फिकट उजेडाचा ठिपका पडला. काच पुढे-मागे केली की ठिपका लहान-मोठा होई, आणि जिथे तो सर्वांत लहान होईल तिथपर्यंतचं अंतर म्हणजे नळीची लांबी. भिंतीपासून एक मीटर वीसवर खडूने रेघ मारलेली होती. ठिपका सर्वांत लहान झाला तेव्हा काच त्या रेघेच्या पुष्कळ पुढे, भिंतीजवळ होती. टेप लावला, पंच्याऐंशी सेंटिमीटर.

"आमची नळी?" पैलवान म्हणाला. तिच्यावर त्यांनी दोन थर वर्तमानपत्र आणि एक थर अब्रू चिकटवली होती.

"काच खोल गेली," काचवाला म्हणाला. "चूक माझी. शुक्रवारी साचा लावायचा होता, मी लावला नाही."

"का नाही लावला?"

"बघत बसलो," तो म्हणाला. याहून खरं त्याला सांगता येईना.

पोरीने बाकी काही ऐकलंच नाही. शुक्रवारी कुणी घासली हे सगळ्यांना माहीत होतं. ती आत गेली, दप्तर उचललं. काचवाला उपाय सांगायला मागोमाग गेला, तर दारात तिची आई उभी. गळ्यात मोजायची फीत तशीच लटकलेली, हातात शाळेची चिठ्ठी. चाचणीचे गुण आले होते. आईने हा छंद सुटायची वाट न बघता गणिताच्या वर्गात नाव घातलं होतं आणि आजपासूनच पोरीला तिकडे बसवायला ती आली होती. काचवाल्याकडे बघून ती ओशाळल्यासारखी म्हणाली की राग मानू नका, हिचं कुठेच बस्तान बसत नाही, तुमचा दोष नाही. पोर खाली बघत म्हणाली, "चल." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काचवाल्याला वाटलं.

दोघी चार पावलं गेल्या. मग पोर थांबली. "काचा धुवायच्या राहिल्या शुक्रवारच्या. घाईत नीट नव्हत्या धुतल्या," ती आईला म्हणाली आणि परत आली. तेवढी शिस्त हाडात मुरली होती.

तिने खालची काच ठोकळ्यांतून काढली आणि नळाखाली धरली. बोटं गोल फिरत होती. फिरता फिरता मंद झाली. तिने डोळे मिटले, काचेवरून तळवा एकदा कडेपासून मध्यापर्यंत नेला, पुन्हा नेला.

"आजोबा, ही फुगलीय."

"फुगणारच. वरची जेवढी आत जाते तेवढीच खालची वर येते."

"पण वरचीच का आत जाते?"

वरची सरकताना तिची कड बाहेर लोंबते आणि सगळा भार तिच्या मधल्या भागावर पडतो, असं त्याने सांगितलं. पोर नळ बंद करायचं विसरली. पाणी तिच्या मनगटावरून, कोपरावरून, फ्रॉकवरून वाहत राहिलं.

"म्हणजे काचेचा काही संबंध नाही," ती सावकाश म्हणाली. "जी वर असेल तिचं पोट आत जातं. मग आता हीच वर घेतली आणि आपली खाली ठेवली, तर आपली परत भरून येईल ना?"

हे गुपित वस्तादाने त्याला तिसऱ्या वर्षी सांगितलं होतं, तेही पाय चेपून घेतल्यावर. वस्तादाला ते त्याच्या वस्तादाने सांगितलं होतं. आपल्या आधीच्या सगळ्यांना कुणीतरी कानात सांगितलं असेल, असंच तो धरून चालला होता. आणि ही उभी होती नळाखाली, ओल्या फ्रॉकात, आणि कुणी सांगितलं नव्हतं. काचेनेच सांगितलं होतं.

"भरून येत नाही, बाळ. कडा झिजतात, म्हणून खळगा उथळ होतो," तो शेवटी म्हणाला. "पण व्हायचं ते तेच होईल."

तिने आईकडे बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम नव्हे, आई तिथे आहे हे ती विसरली होती. खोलगट काच ठोकळ्यांत बसवली, फुगलेली वर घेतली, पाणी, पूड. खरखर सुरू झाली. दहाव्या फेरीला ओठांवरचे आकडे गेले. या वेळी काचवाला साचा हातात धरूनच बसला.

आईने "अगं" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं. ती स्वतः यंत्रावर बसणारी बाई होती. शिवण सरळ चालली की बाजूच्या माणसाचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं, हे तिला सांगायला नको होतं. फक्त ते आपल्या पोरीतही असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. कोपऱ्यातल्या एका तीन पायांच्या बाकावर ती जपून टेकली. बऱ्याच वेळाने ती काचवाल्याला हळूच म्हणाली, "इतकी गप्प मी हिला फक्त झोपेत बघितलीय."

"ही झोप नाही, ताई."

"दिसतंय मला," ती म्हणाली. पदराने तिने डोळे टिपले आणि पूड उडाली म्हणून सांगितलं. ओल्या चिखलातून पूड उडत नाही, पण काचवाल्याने ते मान्य केलं.

ऊन जायच्या आत त्याने काच तीनदा साच्याला लावली आणि तिसऱ्यांदा साच्याखालून उजेड आला नाही. पोर भानावर आली. आईने शाळेची चिठ्ठी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला वर्गशिक्षकांना दोन ओळी लिहिल्या, की गणिताचं मी घरी बघते, हे दोन दिवस तिचे तिला असू देत. बघितलंही तिने. गणितात पुढच्या चाचणीतही फार दिवे लागले नाहीत, हे सांगायला हवं. पण त्या दोन ओळी कुणी परत घेतल्या नाहीत.

पुढे रवाळ पुडीनंतर बारीक पूड, मग मैद्यासारखी, मग राळेच्या थरावर तांबडी माती. काच धुक्यातून हळूहळू बाहेर यावी तशी स्वच्छ होत गेली. एके दिवशी पैलवानाने तिच्यात डोकावून केस सारखे केले. नळी उभी राहिली. छोटा तिरपा आरसा आणि डोळा लावायचं भिंग बाईंनी आणलं.

काचेला अजून पारा लावायचा होता, तरी बाई म्हणाल्या की चंद्र पुरेसा उजळ असतो, त्याला तो लागत नाही. शाळा सुटताना आकाशात अर्धा चंद्र होता, उन्हात विरत चाललेल्या खडूच्या खुणेसारखा. सगळ्यांनी धरून दुर्बीण अंगणात आणली आणि दिवस मावळायची वाट बघितली. पहिला मान काचवाल्याला दिला. तो नको नको म्हणाला, मग चष्मा काढून वाकला.

आधी नुसता उजेड. मग बाईंनी भिंग किंचित आत सरकवलं.

लोकांना वर्तमानपत्र दिसावं, सुईत दोरा जावा, बसचा आकडा कळावा, यासाठी त्याचं आयुष्य गेलं होतं. आता त्याच्या डोळ्यापुढे डोंगर होते. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर खळग्यांच्या कडा उभ्या होत्या, एकेक कड स्वतःची सावली टाकत. कुठे आवाज नाही, धूळ नाही. उमेदवारीत घासलेली ती काच कुणाच्या तरी डोळ्याला हेच दाखवत होती तर, आणि आपण ती पेटीत घालून दिली आणि हात धुतले. मागून कुणीतरी विचारलं, काय दिसतं. तो बाजूला झाला आणि पोरीच्या खांद्याला धरून तिला पुढे केलं.

पोर वाकली. तिचा एक हात नळीवर होता, खाली जिथे काच होती तिथे. सुरुवातीला ती काहीतरी पुटपुटली, मग तेही थांबलं. खांदे सैल झाले. दुर्बिणीतला चंद्र सरकतो, तशी तीही त्याच्याबरोबर नकळत सरकत होती, तसूतसूने, डावीकडे. मागे सहा मुलं, बाई, शिपाई, गाण्याच्या वर्गातून आलेले दहा-बारा जण अशी रांग लागली होती. रांगेत चुळबूळ सुरू झाली. पैलवानाने पुढे होऊन तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

रांगेत सगळ्यांत मागे तिची आई होती. ती पुढे आली आणि तिने तो हात अलगद धरून खाली घेतला.

"थांब रे," ती म्हणाली. "तिचं होऊ दे."